काचेमधली पट्टी

सेंट लुईस,
सोमवार, सकाळ

प्रिय आर्डिस,

तुमच्या गाड्यांच्या म्युझियममधलं तुझं भाषण मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "तू आकड्यांचा माणूस, नॉर्ब. शनिवारी म्युझियममध्ये माझी फजिती होऊ देऊ नकोस. काय चुकलं असेल ते लाल पेनाने खुणव आणि परत पाठव," असं तू लिहिलंस, म्हणून लाल पेन घेऊन बसलो. पाच चुका सापडल्या. त्यातल्या चार एका कॉफीत उरकल्या. पाचवीपायी सकाळपासून तीन कागद फाडून झाले. ती दुरुस्त केली तर तू माझ्याशी पुन्हा बोलशील की नाही, ठाऊक नाही. नाही केली, तर दोनशे लोकांसमोर उभी राहून तू खोटं सांगशील, तेही माझ्या वतीने. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. मी तोंड उघडलं की "असू दे रे" म्हणून मोकळी होतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी सोप्या चुका घेतो. त्रेपन्न साली, म्हणजे पहिल्या वर्षी, कॉर्व्हेट गाड्या तीन हजार नाही, तीनशे निघाल्या. तुझ्या हातून एक शून्य जास्त पडलंय. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, आणि त्या आपल्या गावात नाही, तिकडे फ्लिंटच्या कारखान्यात झाल्या. आपल्याकडे काम आलं ते चोपन्नला, आणि बाबा कारखान्यात लागले तेही त्याच वर्षी. समोरचे चार दिवे अठ्ठावन्नला आले, सत्तावन्नला नाही. सदुसष्टच्या ज्या वीस गाड्यांबद्दल तू 'ऐषारामी' असं लिहिलंस, त्यांच्यात रेडिओ नव्हता, हीटर नव्हता, होतं ते फक्त शर्यतीचं इंजिन. हिवाळ्यात त्या गाडीत बसायला गोधडी लागायची. त्यामुळे तेव्हा कोणी त्यांना विचारलं नाही, आणि आज त्यांच्यासाठी माणसं घरदार विकायला निघतात. आणि त्र्याऐंशीच्या गाड्या 'फार थोड्या विकल्या गेल्या' असं जे म्हटलंस, तर एकही विकली गेली नाही. चाचणीपुरत्या चाळीसेक बनवल्या, त्यातली एक तेवढी उरली. ती तुझ्याच म्युझियममध्ये आहे. दर मंगळवारी जिच्यावरून तू पिसांचा झाडू फिरवतेस, तीच ती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

बघ, आकड्यांत शिरलो की माझा हात कसा सरसर चालतो. एकोणसत्तरच्या अॅल्युमिनियम इंजिनाच्या दोनच गाड्या, त्रेसष्टच्या मोठ्या टाकीच्या त्रेसष्ट, हे सगळं मला झोपेत विचार. आत्ता उठून गॅरेजमध्ये जाऊन आलो. काही काम नव्हतं. बाबांच्या गाडीच्या मागे उभा राहिलो, पुन्हा आत आलो, पुन्हा कॉफी ओतली.

गेल्या महिन्यात स्प्रिंगफील्डला जुन्या गाड्यांच्या मेळ्यात आमच्या क्लबने मला पंच म्हणून बोलावलं होतं, ते तुला सांगायचं राहिलं. एक माणूस आला होता, पन्नाशीचा, बरोबर तरणी मुलगी. लाल गाडी, सदुसष्टची, त्या विसांतली एक म्हणून मांडलेली. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक छोटी सपाट जागा असते, तिथे नंबर ठोकलेला असतो. कारखान्यात ती जागा यंत्रावर कापली जाते तेव्हा तिच्यावर बारीक रेघा उठतात. कोणी नंतर घासून खोटा नंबर ठोकला की त्या रेघा जातात. मी अंगठा फिरवला आणि सांगून टाकलं, "हा नंबर मागाहून ठोकलाय." तो माणूस पांढराफटक पडला. म्हणाला, "काका, अहो, माझ्या वडिलांनी स्वतः सांगितलं होतं मला. शेवटच्या दिवसांत, माझा हात धरून." आणि मी, शहाण्याने, चार माणसं ऐकत असताना म्हणालो, "वडीलसुद्धा सांगतात काहीबाही." लोक हसले. त्याची मुलगी नाही हसली. तिने बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझी वही कुठे ठेवली ते सुचेना. त्या दिवसापासून मला चैन नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांतलं खोटं हुडकत फिरतोय. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोब्बर दिसतं मला.

आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तुझं पाकीट आलं.

सुंदर लिहिलंयस तू, आर्डिस. हे आधी म्हणायला हवं होतं. सुरुवातच कशी केलीस: "माझा डावा पाय उजव्यापेक्षा सव्वा इंच आखूड आहे, आणि त्याचा गुन्हेगार आज या दालनात हजर नाही, कारण माझ्या वडिलांनी त्याला करवतीने कापून काढलं." लोक आधी दचकतील, मग हसतील, आणि पुढे ऐकत राहतील. मग तू समजावून सांगतेस की त्रेसष्टच्या बंद टपाच्या गाडीला त्या एकाच वर्षी मागची काच दोन तुकड्यांत होती आणि मधून गाडीच्याच रंगाची पट्टी खाली उतरत होती. पुढच्या वर्षी कंपनीने अखंड काच बसवली, तशी कितीक शहाण्यांनी आपली गाडी नवी दिसावी म्हणून पट्टी कापून टाकली, आणि आज ती माणसं नाहीतर त्यांची नातवंडं कपाळाला हात लावून बसलीत. "पण आमच्या गाडीची पट्टी फॅशनपायी गेली नाही," असं तू लिहितेस. "ती प्रेमापोटी गेली." मग तो चौसष्टच्या मे महिन्यातला रविवार. मग ते वाक्य, ज्याच्याखाली माझं लाल पेन टेकलंय आणि पुढे सरकत नाही: "माझा भाऊ मागे वळून नीट बघत होता, पण त्या पट्टीने मला त्याच्यापासून लपवलं. त्याची काडीचीही चूक नव्हती."

त्या रविवारी तू पाच वर्षांची होतीस, मी सतरा. प्रार्थना आटोपून आपण घरी आलो होतो, आई बेकरीतून लोण्याचा तो चिकट केक घेऊन आली होती आणि बाबा टाय सैल करून पेपर वाचत होते. दर रविवारी गाडी गॅरेजमधून मागच्या गल्लीत काढायची आणि धुवायची, हा माझा मान. नऊ वर्षांच्या ओव्हरटाइममधून बाबांनी ती एका वकिलाकडून घेतली होती. चंदेरी निळी. त्या वकिलाला चार महिन्यांत उघड्या टपाची हवीशी वाटायला लागली आणि आपलं नशीब उघडलं. आई आठवडाभर बोलली नव्हती बाबांशी. तू गल्लीत खडूने घरं काढत बसली होतीस. लाल फ्रॉक होता तुझा. चर्चमधून आल्यावर तो बदलायला तू तयार नव्हतीस, म्हणून आईने रागावून तुला बाहेर घालवलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. निदान जे तुला माहीत आहे असं तू समजतेस, ते तू इतक्यांदा सांगितलंयस की मलाही कधीकधी ते खरं वाटायला लागतं. शाळेत पोरं तुझ्या जाड तळाच्या बुटाला हसली, तेव्हा तू त्यांना पट्टीची गोष्ट सांगितलीस. वेंडेल तुला पहिल्यांदा नाचायला घेऊन जातो म्हणाला तेव्हा त्यालाही सांगितलीस, आणि तो पुढे आयुष्यभर माझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढत राहिला, बिचारा नॉर्ब, मनाला किती लागलं असेल म्हणून. एक्क्याऐंशीला कारखाना उचलून केंटकीला गेला, वेंडेल कामापाठोपाठ गेला आणि तू त्याच्यापाठोपाठ. निघताना सामानाच्या ट्रकपाशी तू मला मिठी मारलीस आणि कानात म्हणालीस, "त्या गाडीकडे बघून रडत बसू नकोस हं." मी मान हलवली. तुला वाटलं, भावाला बहिणीचं दुःख आहे.

इस्पितळातलं आठवतं का तुला? तुझा पाय वजनं लावून टांगला होता. तू माझ्या केसांवरून हात फिरवलास, त्या पाच वर्षांच्या तळहाताने, आणि विचारलंस, "नॉर्ब, तुला दिसलेच नाही ना मी?" मी म्हणालो, "नाही दिसलीस." एवढंच म्हणालो. बाकीचं आधीच बोलून झालं होतं. गल्लीत आई धावत आली तेव्हाच, तिने काही विचारायच्या आत, मी ओरडलो होतो, "पट्टीमुळे दिसली नाही!" आईला धरायला काहीतरी हवं होतं. ती माझ्या अंगावर येत होती ती गाडीकडे वळली. बाबांना म्हणाली, "ऑगी, एक तर हे सोंग या घरातून जाईल, नाहीतर ती पट्टी जाईल."

दुसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले. आई तुझ्यापाशी इस्पितळात होती. मी तळघरात होतो, त्या बारक्या खिडकीपाशी, जिच्यातून गल्ली दिसते. बाबांनी गाडी गॅरेजमध्ये जशी होती तशी लावली. मग गल्लीत तुझ्या खडूच्या रेघा होत्या तिथे त्यांनी बादली उलटी ठेवली आणि तिच्यावर तुझं लाल जाकीट पांघरलं. गाडीत जाऊन बसले. मान वळवून मागे बघितलं, मग आरशात बघितलं. उतरले, बादली एक वीत उजवीकडे सरकवली. पुन्हा बसले, पुन्हा बघितलं. मग डावीकडे. हे किती वेळ चाललं सांगता येणार नाही. अर्धा तास असेल. कारखान्यात नऊ वर्षं फायबरग्लासचे सांधे घासणारा माणूस होता तो, दर वेळी तपासल्याशिवाय सांधा पुढे जाऊ देत नसे. शेवटी ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहिले. मग जाकीट झटकून त्यांनी त्याची घडी घातली, आणि घडी घालताना त्यांनी तळघराच्या खिडकीकडे पाहिलं. मी खाली बसलो. मला त्यांनी पाहिलं की नाही, हे मी साठ वर्षं स्वतःला विचारतोय.

गेल्या बुधवारी, तुझं पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी शेजारच्या कर्टिसची तशीच गाडी मागून आणली, पट्टी शाबूत असलेली. बाबांच्याच त्या मोजमापाने गल्लीत बादली ठेवली. कर्टिस म्हणाला, "नॉर्ब, डोकं ठिकाणावर आहे ना? या वयात कसला खेळ मांडलायस?" मी आत बसलो, मागे बघितलं. डाव्या काचेत बादली अख्खीच्या अख्खी दिसत होती, आर्डिस. मग ती मी वीतभर सरकवली. तरी दिसली. ती पट्टी हाताएवढी रुंदही नाही. बिचारी निर्दोष आहे. बाबांना हे त्या सोमवारीच कळलं होतं.

आणि ते कळूनही त्याच आठवड्यात त्यांनी ती कापली. चौसष्टची अखंड काच कुठून तरी मिळवली, करवत घेतली आणि ज्या गाडीसाठी नऊ वर्षं ओव्हरटाइम केला तिच्या पाठीत घातली. मला काच धरायला बोलावलं. मी धरली. काच बसली, रबर बसलं, तेव्हा हातावरचा फायबरचा चुरा खाजवत एवढंच म्हणाले, "आता दिसेल तुला." मला तिथल्या तिथे ओकारी आली, आणि रंगाचा वास सहन झाला नाही असं आईला सांगितलं.

कारखान्यात त्यांची जी टर उडाली ती तू लहान म्हणून तुला ठाऊक नाही. मी डबा द्यायला गेलो होतो तेव्हा फाटकाशी ऐकली. क्लीटस म्हणून त्यांचा जोडीदार होता, तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "या, या ऑगीसाहेब! नव्या सालची गाडी घरच्या घरी काढली म्हणे! आम्हाला कामावरून घालवता की काय?" दुसरा म्हणाला, "ज्या पाठीवर आम्ही हात दुखेस्तोवर घासलं ती करवतीने कापलीस? बायकोने सांगितलं असणार." बाबा हसले. म्हणाले, "हो रे बाबांनो, फॅशन. जुना दिसायचा कंटाळा आला." त्यांनी एकदाही पोरीचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. ज्या लोकांत त्यांच्या कामाला मान होता त्या लोकांत ते मूर्ख ठरले आणि निवृत्त होईतो ठरलेलेच राहिले. एक्क्याण्णवला जाताना गाडी माझ्या नावावर करून गेले. क्लबमधले लोक वीस वर्षं मागे लागलेत, "पट्टी परत बसव की, काका, किंमत दुप्पट होईल, एवढा कसला चिक्कूपणा?" मी म्हणतो, म्हातारपणी कोण उस्तवारी करणार. खरं हे आहे की बाबांनी जे कापलं ते जोडायला माझा हात उचलत नाही.

पुन्हा उठलो होतो. आता बसतो आणि संपवतो, नाहीतर दुपारची टपाल गाडी जाईल आणि उद्या माझा धीर सुटेल. पाचवी चूक ही आहे, आर्डिस. माझा भाऊ मागे वळून बघत होता, असं तू लिहिलंस. मी मागे बघतच नव्हतो. पलीकडच्या घराच्या मागच्या पायऱ्यांवर ब्रांटांची कोलेट नखं रंगवत बसली होती, आणि मी आरसा माझ्या तोंडाकडे वळवून भांग पाडत होतो. एका हातात कंगवा, एका हातात स्टिअरिंग. गाडीला धक्का बसला. तू ओरडलीस. आणि दार उघडायच्या आधी मी कंगवा खिशात घातला आणि आरसा होता तसा सरळ केला. तू चाकाखाली ओरडत होतीस, आणि मी आधी आरसा सरळ केला. मग धावलो. शनिवारी तू मला सगळ्यांसमोर माफ करणार आहेस, अशा गोष्टीसाठी जी मी केलीच नाही, आणि जी केली ती तुला कुणी कधी सांगितली नाही. बाबांना माहीत होतं, ते तोंड मिटून गेले, आणि मी त्यांच्या त्या मिटल्या तोंडाआड साठ वर्षं सुखात राहिलो. भाषणातलं ते वाक्य मी लाल पेनाने खोडलंय. त्याच्या जागी काय म्हणायचं ते मी सुचवणार नाही, ते तुझं आहे. काहीच म्हणायचं नसेल तरी चालेल, आणि मी तिथे नको असेन तर शनिवारी म्युझियममध्ये मांडायची ती गाडी तुझ्या दारात उभी करून बसने परत येईन. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत पोचतो. फक्त एकच कर, 'असू दे रे' म्हणू नकोस. सव्वा इंचाचा तो बूट तू साठ वर्षं घातलास, आणि ज्याच्यावर रागवायला हवं होतं त्याच्याच केसांवरून हात फिरवत राहिलीस. तो राग तुझ्या हक्काचा होता आणि तोही मी चोरला. आता रागव, आर्डिस. मनसोक्त रागव.

तुझाच म्हणवून घ्यायची अजूनही हिंमत करणारा,
नॉर्ब